आकारांच्या संख्याशास्त्रात पोस्टडॉक: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कुठे अडकतो

नांदेड, लातूर, परभणीहून संख्याशास्त्रात पीएचडी झालेली, तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलं-मुली माझ्याकडे पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीचे, अर्ज दाखवायला येतात. काळानुसार बदलणाऱ्या आकारांचं सांख्यिकी मॉडेलिंग हा विषय त्यातल्या काहींनी मनापासून धरलाय. अर्ज मात्र दरवर्षी त्याच त्या जागी अडतो, म्हणून त्या जागांबद्दलच सविस्तर लिहितो.

देशातली नेहमीची वाट म्हणजे नॅशनल पोस्ट डॉक्टोरल फेलोशिप, एन-पीडीएफ. पूर्वी ती ‘सर्ब’ (केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) द्यायचं. 2023 च्या कायद्यानंतर सर्ब ‘एएनआरएफ’मध्ये (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) विलीन झालं. त्यामुळे सीनियरने दिलेले जुने नमुने बाजूला ठेवा. फेलोशिप दोन वर्षांची, वयोमर्यादा 35. महिला, दिव्यांग, एससी, एसटी, ओबीसींना 5 वर्षांची सूट. आयुष्यात एकदाच मिळते. पोर्टलवरची नोंदणी, बायोडेटा, शोधनिबंधांची यादी यात फारसं कुणी चुकत नाही.

ओबीसीची सूट घ्यायची असेल तर सेतूतून काढलेला राज्याचा दाखला जोडून मोकळे होऊ नका. केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमीलेअरचा उल्लेख असलेला दाखला लागतो. तहसीलमध्ये ‘सेंट्रलचा हवाय’ असं तोंडाने स्पष्ट सांगा, आणि जाहिरात निघायच्या आधीच काढून ठेवा. दुसरं, यजमान संस्थेचं, म्हणजे जिथे संशोधन करणार त्या संस्थेचं संमतिपत्र. त्यावर मेंटॉरची, म्हणजे तिथल्या मार्गदर्शकाची, सही घेऊन लोक निश्चिंत होतात. सही संस्थाप्रमुखाची लागते. संचालक दौऱ्यावर गेले की आठवडा गेलाच समजा.

सगळ्यात जास्त रडवतो तो पीएचडीचा कागद. एका मुलीचा व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, होऊन अडीच महिने झाले होते, पदवी जाहीर करणारं विद्यापीठाचं नोटिफिकेशन निघालं नव्हतं. परीक्षा विभागात रोज एकच उत्तर: फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. हाती कागद काय, तर व्हायवाच्या दिवशी मोबाइलवर काढलेला फोटो. एका सहीपायी माणसाचं वर्ष जातं याचं कुणालाच काही वाटू नये, हे मला आजही सहन होत नाही. एन-पीडीएफला प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यांनाही अर्ज करता येत आलाय, पण तसं लेखी प्रमाणपत्र विद्यापीठाकडूनच लागतं. म्हणून व्हायवाच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा नियंत्रकांच्या नावे अर्ज द्या, आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या. तोंडी विनवणीची कुठेच नोंद राहत नाही.

नावाचंही बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतर आधारवर तिसरंच. राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधी तयार ठेवा.

परदेशी जागांसाठी मुदत नीट वाचा. कोपनहेगन विद्यापीठात आकारांच्या संख्याशास्त्रावर काम चालतं. तिथली वेळ रात्री 23:59 असेल, तर आपल्याकडे हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी पहाटेचे 4:29 आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत 3:29. हे उलटं धरणारे, म्हणजे मुदत आपल्या आधी संपते असं समजून हताश होऊन अर्जच न करणारे मी पाहिलेत. पण म्हणून पहाटेपर्यंत थांबूही नका. लाइट गेली, नेट गेलं, की तिथे कुणी ऐकून घेत नाही.

आता प्रस्ताव. इथे खरी मेहनत घ्या. एकाने लिहिलं होतं: कपाशीच्या पानाचं क्षेत्रफळ दर आठवड्याला मोजून रिग्रेशन (काळानुसार होणारा बदल समीकरणात बसवणं) करणार. हे आकारमान झालं, आकार नव्हे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड केंडाल यांनी 1984 मध्ये मांडलेली व्याख्या अशी: जागा, मोठेपणा आणि फिरवलेपण काढून टाकल्यावर जे उरतं तो आकार. पान जसंच्या तसं दुप्पट झालं तर आकार बदललाच नाही. पानाच्या बोटांसारख्या भागांमधली खाच खोल गेली तर बदलला. त्यासाठी पानाच्या टोकांवर, खाचांवर, देठाशी ठरलेले बिंदू घ्यावे लागतात.

पुढची अडचण सरासरीची. हे आकार सपाट जागेत राहत नाहीत. सपाटीवरच्या त्रिकोणांचे आकार तर चक्क एका गोलाच्या पृष्ठभागावर बसतात. पृथ्वीवरच्या दोन गावांमधून सरळ रेघ मारून मध्य काढला तर तो जमिनीच्या पोटात जातो, तसंच साध्या सरासरीचं आणि साध्या रिग्रेशनचं होतं. हे तुम्ही कसं हाताळणार, ते परीक्षक शोधत असतो, आणि बहुतेक प्रस्तावांत तो परिच्छेदच नसतो.

आणि एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहा: दर आठवड्याला तेच पान मोजणार, की तोडून नवं घेणार. तेच असेल तर एका पानाच्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात आणि मॉडेलमध्ये प्रत्येक पानाचा स्वतःचा परिणाम धरावा लागतो. नवं असेल तर एका पानाची वाढ तुम्हाला दिसतच नाही, फक्त आठवड्यागणिक सरासरी आकार सरकताना दिसतो.