डॉक्युमेंट्री बघून लोक हलतात, पण कधी?

चळवळीची डॉक्युमेंट्री म्हटलं की आपल्याला वाटतं, भयानक काहीतरी दाखवायचं, लोक हादरणार आणि रस्त्यावर उतरणार. इतिहास बघितला तर खरी गोम पडद्यावर कमी आणि समोर बसलेल्यांत जास्त आहे, निदान मला तरी तसंच वाटतं.

1935 मध्ये लंडनच्या गलिच्छ वस्त्यांवर 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' आली, त्यात भाडेकरू थेट कॅमेऱ्याकडे बघून उंदरांबद्दल, ओलीबद्दल स्वतःच बोलले, तेव्हा ही मोठीच गोष्ट होती. (पैसा गॅस कंपन्यांचा, कारण नवीन घरं म्हणजे नवीन गॅस कनेक्शन!) पण बघणारे वेगळे आणि भोगणारे वेगळे, त्यामुळे कीव यायची आणि विषय तिथंच संपायचा.

1967 मध्ये कॅनडात कॉलिन लो यांनी फोगो बेटावर उलटं केलं. मासेमारी बसलेली, सरकार लोकांना बेट सोडायला सांगत होतं. लो यांनी 27 छोट्या फिल्म केल्या आणि त्या आधी बेटावरच्याच लोकांना दाखवल्या, कुणाला आपलं बोलणं नको वाटलं तर काढून टाकायची मुभा होती. एरवी एका गावचे दुसऱ्या गावाशी फारसे बोलायचे नाहीत, ते शेजारच्यांची तीच रडगाणी पडद्यावर ऐकून बोलायला लागले. नंतर त्या फिल्म मंत्र्यांना दाखवल्या आणि मंत्र्यांचं उत्तर शूट करून परत बेटावर! पुढे मच्छीमारांची को-ऑप म्हणजे सहकारी संस्था उभी राहिली. सगळं श्रेय फिल्मला देणं चूक, हालचाल आधीपासून होती, पण लोकांना एकत्र बसायला कारण मिळालं.

पुढच्याच वर्षी अर्जेंटिनात सोलानास आणि गेतिनो यांची चार तासांहून मोठी 'ला ओरा दे लोस ओर्नोस' तयार झाली. लष्करी राजवट असल्यामुळे ती लपूनछपून दाखवायचे, मध्येच प्रोजेक्टर थांबवून चर्चा. तिथं नुसतं बघायला येणं हीच रिस्क, म्हणजे आलेला माणूस आधीच अर्धा कार्यकर्ता.

नंतर वाटा बदलल्या. 1988 च्या 'द थिन ब्लू लाइन'ने खुनाच्या आरोपावरून अमेरिकेत तुरुंगात असलेल्या रँडल अ‍ॅडम्सच्या केसमधल्या साक्षींची चिरफाड केली, पुढच्या वर्षी तो सुटला. 2013 च्या 'ब्लॅकफिश'नंतर सीवर्ल्ड या समुद्री प्राण्यांचे खेळ दाखवणाऱ्या अमेरिकन पार्कवर इतका दबाव आला की 2016 मध्ये त्यांनी ऑर्का माशांचं (खरं तर डॉल्फिनच्याच कुळातले) ब्रीडिंग बंद केलं. आता तर इम्पॅक्ट प्रोड्युसर नावाचा वेगळा माणूसच टीममध्ये असतो, स्क्रीनिंग कुठं, सह्या कुणाच्या, कुठल्या नेत्याला भेटायचं हे सगळं तो बघतो, आणि फंड देणारे त्याच्याकडे आकडे मागतात.