टेरी मॅककीव्हर: कॅलच्या टँकवरची तीस वर्षं आणि त्यामागचा इतिहास

३१ जानेवारी २०२३ ला कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या बर्कले कॅम्पसने, म्हणजे खेळातले लोक ज्याला नुसतं कॅल म्हणतात त्यांनी, मुलींच्या स्विमिंग टीमची कोच टेरी मॅककीव्हर हिला काढून टाकलं. तीस वर्षं होती बाई तिथे. चार एनसीएए टायटलं (एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना), आणि अमेरिकेच्या ऑलिंपिक स्विमिंग टीमची हेड कोच झालेली पहिली बाई. बातमी आली तेव्हा लोकांनी ती दोनच प्रकारे वाचली, एक तर "छळ करणारी होती, गेली, बरं झालं", नाहीतर "बाई आहे म्हणून धरली, पुरुष कोच असता तर कुणी विचारलंही नसतं". दोन्हीत तथ्य असेल, पण ही पोस्टच मुळात कशी तयार झाली आणि त्या खुर्चीत एवढी पॉवर कशी साठत गेली ते बघितल्याशिवाय दोन्ही अर्धवटच राहतं, आणि त्यासाठी पार १९७२ पर्यंत मागे जावं लागतं.

१९७२ च्या जूनमध्ये अमेरिकेत टायटल नाईन नावाचा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, एवढाच त्याचा मजकूर, त्यात खेळाचं नावसुद्धा नाही, पण सगळ्यात जास्त उलथापालथ खेळातच झाली. तोपर्यंत मुलींना खेळावर कॉलेजची स्कॉलरशिप जवळजवळ नव्हतीच, म्हणजे मुलगी कितीही भारी पोहत असली तरी अठरा-एकोणीसला करियर संपायचं. त्याच वर्षी म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये कॅरन मो नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरीने २०० मीटर बटरफ्लायला वर्ल्ड रेकॉर्डसकट गोल्ड मारलं. म्युनिक म्हटलं की सगळ्यांना मार्क स्पिट्झची सात गोल्डच आठवतात, पण आपल्या गोष्टीसाठी कॅरन मो जास्त महत्त्वाची, कारण १९७८ ला तीच कॅलच्या मुलींची कोच झाली.

आता इथे एक विचित्र गोष्ट आहे. १९७२ मध्ये अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या टीमना नव्वद टक्क्यांच्या वर बायकाच कोच होत्या, पगार फुटकळ, काही ठिकाणी तर पीटीच्या बाईंनाच हे पण काम दिलेलं. मग कायद्यामुळे पैसा आला, १९८१-८२ पासून एनसीएएने मुलींच्या चॅम्पियनशिप स्वतःकडे घेतल्या, पगार वाढले आणि त्याबरोबर पुरुषांना या नोकऱ्या आकर्षक वाटायला लागल्या. पुढे बायका कोचचं प्रमाण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर आलं. स्विमिंगमध्ये तर आणखी वाईट, कारण खूप कॉलेजांनी मुलं आणि मुलींची टीम एकत्र करून एकच हेड कोच ठेवला आणि तो बहुतेक वेळा पुरुषच. सुरुवातीच्या विजेत्या टीमचे कोच बघा, फ्लोरिडाचा रँडी रीझ, स्टॅनफर्डचा जॉर्ज हेन्स, मग रिचर्ड क्विक, मार्क शुबर्ट. एकट्या क्विकने टेक्सास आणि स्टॅनफर्ड मिळून मुलींची बारा टायटलं घेतली.

कॅलमध्ये मात्र मुलांची टीम वेगळी, मुलींची वेगळी, कोचही वेगळे. त्यामुळे कॅरन मो चौदा सीझन टिकली, मेरी टी. मेहर सारखी बटरफ्लायची राणी तिच्याकडे पोहली, आणि १९९२ ला तिची जागा रिकामी झाली तेव्हा पुन्हा एक बाई आली, तीच टेरी.

टेरी मूळची सदर्न कॅलिफोर्नियाची. वडील माईक मॅककीव्हर हे यूएससीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचे, नावाजलेले फुटबॉलपटू (अमेरिकन फुटबॉल, आपला नाही), मोटार अपघातानंतर बरेच महिने कोमात होते आणि १९६७ मध्ये गेले, टेरी तेव्हा शाळकरी पोर होती. ती स्वतः यूएससीकडून पोहली, ऑल-अमेरिकन होती, म्हणजे देशातल्या कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूंत गणली गेली, पण ऑलिंपिकला गेली नाही. मग तिथेच असिस्टंट, १९८७ पासून फ्रेस्नो स्टेटला पाच वर्षं हेड कोच, आणि मग कॅल. शेजारी स्टॅनफर्ड, तिथे क्विक दरवर्षी टायटल उचलतोय, आणि चांगल्या पोरी साहजिकच तिकडे जातायत. कॅलमधली पहिली सात-आठ वर्षं तिच्याबद्दल बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं.

मग २००० मध्ये नॅटली कॉफलिन आली. शाळेत असतानाच तिचा खांदा दुखावला होता, सिडनीचं ऑलिंपिक हुकलं होतं, पोहण्याचा कंटाळा आलेला. त्या काळची ट्रेनिंगची पद्धत म्हणजे सकाळ-संध्याकाळ टँकमध्ये हजारो यार्ड घासायचे, जो टिकेल तो टिकेल. टेरीने यार्ड कमी केले. योगा, पिलाटीस, दोरीच्या उड्या, पाण्याखालची डॉल्फिन किक, आणि शरीर पाण्यात कसं बसतं यावर तासन् तास काम. मिल्ट नेल्म्स नावाचा टेक्निकवाला माणूस तिने सल्ल्याला घेतला होता, जो पुढे १९७२ ची ऑस्ट्रेलियन स्टार शेन गूल्ड हिचा नवरा झाला, हे आपलं जाता जाता. तेव्हाच्या कोच मंडळींना हे सगळं लाडावून ठेवणं वाटायचं. पण २००२ मध्ये कॉफलिनने १०० मीटर बॅकस्ट्रोक ५९.५८ सेकंदांत मारली, एका मिनिटाच्या आत जाणारी जगातली पहिली बाई. मग अथेन्सला पाच मेडल आणि २००८ ला बीजिंगला सहा. एकाच ऑलिंपिकमध्ये सहा मेडल अमेरिकेच्या कुठल्याच बाईने आधी घेतली नव्हती. (त्याच बीजिंगच्या टँकमध्ये आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे पण उतरला होता.)

कॉफलिनमुळे टेरीचे दरवाजे उघडले. २००४ ला ती अमेरिकन ऑलिंपिक स्विमिंगच्या कोचिंग स्टाफवर गेली, तिथे त्याआधी एकही बाई नव्हती. दोन हजार चार साली! २००८ ला पुन्हा असिस्टंट आणि २०१२ ला लंडनसाठी मुलींच्या टीमची हेड कोच. त्या टीमने आठ गोल्ड घेतली, त्यात डेना व्हॉल्मर ही टेरीचीच, १०० मीटर बटरफ्लाय ५५.९८ सेकंदांत, छप्पन्नच्या आत पहिल्यांदाच कुणीतरी. तिकडे कॉलेजमध्ये २००९, २०११, २०१२ अशी टायटलं आली, मग लंडनची स्टार मिसी फ्रँकलिन प्रो व्हायचं सोडून दोन वर्षांसाठी कॅलला आली आणि २०१५ चं चौथं टायटल झालं. २०१६ च्या रिओला कॅथलीन बेकरचं सिल्व्हर. बाई शिखरावर होत्या असंच म्हणायचं.

आणि पहिली बाई म्हणून तिचा जो गाजावाजा झाला त्याचा एक परिणाम असा की तिच्यावर बोट ठेवणं अवघड होऊन बसलं. हे माझं मत आहे, पण क्रम बघा, २०१६, टोकियो, पॅरिस, तिन्ही वेळा अमेरिकन मुलींचा हेड कोच पुन्हा पुरुष. म्हणजे अख्ख्या सिस्टिमने एका बाईला वर नेलं आणि तिचंच नाव पुढे करत राहिले, दुसरी कुणी तयार केली नाही. एकुलत्या एक उदाहरणाला कोण हात लावणार.

आता पॉवरचं गणित. आपल्याकडे कॉलेजचं स्विमिंग म्हणजे इंटर-युनिव्हर्सिटीला जाऊन आलं की अटेंडन्सचं बघून घेतात, एवढाच संबंध, त्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. तिथे त्या काळात मुलींच्या टीमला १४ पूर्ण स्कॉलरशिप असायच्या, पण पोरी पंचवीस-तीस, आणि त्या १४ चे तुकडे कुणाला किती द्यायचे हे कोच ठरवणार. दुसऱ्या राज्यातून आलेल्या पोरीचा कॅलचा वर्षाचा खर्च अलीकडे साठ हजार डॉलरच्या वर. शिवाय १९७३ पासून जवळजवळ चाळीस वर्षं नियमच असा होता की स्कॉलरशिप एका वर्षापुरतीच, दरवर्षी रिन्यू. २०१२ च्या सुमारास तो सैल झाला आणि २०१५ पासून मोठ्या कॉन्फरन्सेसमध्ये (कॉलेजांचे आपापसांत खेळणारे गट) खेळ खराब झाला म्हणून स्कॉलरशिप काढता येईना, पण तरी रिलेत कोण, मीटला कोण जाणार, पोरीला कॉलेज बदलायचं असेल तर पुढच्या कॉलेजला फोनवर काय सांगायचं, हे सगळं एकाच माणसाच्या हातात. अठरा वर्षांची पोर, घरापासून लांब, सकाळी सहाला टँकवर, तिने तक्रार करायची कुणाकडे? ज्यांच्याकडे करायची ते टायटल जिंकल्याचे फोटो ऑफिसात लावून बसलेले.

मे २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटी रजिस्टर या पेपरने मोठी स्टोरी छापली. दीड डझनाहून जास्त आजी-माजी पोरी बोलल्या, की सतत अपमान, सगळ्यांसमोर ओरडणं, दुखापत असताना पोहायला लावणं, शरीरावरून टोमणे, वांशिक शिव्या, एकीला टार्गेट करून तिला तोडणं. काहींनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी टेरीला रजेवर पाठवलं. मग युनिव्हर्सिटीने बाहेरच्या लॉ फर्मला चौकशी दिली, आठ महिने चालली, जवळपास पाचशे पानी रिपोर्ट आला, आणि त्यात छळाच्या तसंच वंश आणि अपंगत्वावरून भेदभाव केल्याच्या आरोपांत तथ्य आहे असा निष्कर्ष निघाला. अॅथलेटिक डायरेक्टरने टीमला लिहिलेल्या पत्रात माफीही मागितली.

टेरीने सगळं नाकारलं, आपण कुणाचाही छळ किंवा भेदभाव केला नाही असं सांगितलं, आणि तिच्या वकिलाचा मुद्दा होता की कडक पुरुष कोचला शिस्तीचा म्हणतात आणि तेच बाईने केलं की छळ होतो. काही जुन्या पोरी तिच्या बाजूने बोलल्या, आपलं आयुष्य तिच्यामुळे घडलं म्हणाल्या. मला वकिलाचा मुद्दा पूर्ण खोटा वाटत नाही, पुरुष कोचना पन्नास वर्षं काय काय माफ झालंय ते बघता, पण त्याने पोरींच्या साक्षी खोट्या ठरत नाहीत. आणि एक गोष्ट खटकते, म्हणजे दोन्ही गट बहुतेक खरंच बोलत असावेत. कॉफलिनचे यार्ड कमी करणारी, दुखरा खांदा सांभाळणारी कोच, आणि दुखापत असताना पोहायला लावल्याचा आरोप झालेली कोच, ही एकच बाई. बेंचवरच्या पोरीची टेरी आणि ऑलिंपिकवाल्या पोरीची टेरी वेगळी असू शकते, आणि कुणाला कुठली मिळणार हे ठरवायचा अधिकार सिस्टिमने तिलाच दिलेला.

टेरी रजेवर गेल्यावर त्या सीझनला मुलांचा कोच डेव्ह डर्डनकडे मुलींची टीमही तात्पुरती सोपवली, आणि नंतर कॅलनेही मुलं-मुली एकत्र करून हेड कोच म्हणून त्यालाच कायम केलं. मुलींसाठी वेगळी हेड कोच असण्याची जी पद्धत कॅरन मोपासून चालली होती, ती तिथे बंद झाली.