'अ‍ॅबनर!' अशी हाक मारणाऱ्या दोघी: अ‍ॅलिस पिअर्स आणि सँड्रा गूल्ड

'बीविच्ड' या जुन्या अमेरिकन मालिकेतली चोंबडी शेजारीण ग्लॅडिस क्रॅविट्झ कोणी केली, असं विचारलं की एक नाव पटकन येतं आणि अर्ध्या वेळा ते चुकीचं असतं. तेच नाव, तोच मोर्निंग ग्लोरी सर्कलचा रस्ता, तोच नवरा आणि त्याला मारलेली 'अ‍ॅबनर!' ही तीच आरोळी. बाई मात्र दोन. पहिल्या दोन सीझनमध्ये अ‍ॅलिस पिअर्स, तिसऱ्यापासून सँड्रा गूल्ड. फोटो एकीचा आणि खाली माहिती दुसरीची, हा घोळ इतक्या ठिकाणी दिसतो की दोघींची ओळख नीट वेगळी करून ठेवलेली बरी.

आधी मालिकेचा हिशोब. 'बीविच्ड' एबीसी वाहिनीवर 17 सप्टेंबर 1964 ला सुरू झाली आणि 25 मार्च 1972 ला संपली. आठ सीझन, 254 भाग. त्यातले पहिले 74 भाग कृष्णधवल आणि पुढचे 180 रंगीत. समँथा ही चेटकीण, म्हणजे एलिझाबेथ मोंटगोमेरी, जादू सोडून साध्या नवऱ्याबरोबर साधा संसार करायला बघते, आणि समोरच्या घरातली ग्लॅडिस पडदा बाजूला सारून सगळं पाहते. आपल्याकडे अशा बाईला भोचकभवानी म्हणतात. अमेरिकेत आजही चोंबड्या शेजारणीला सरळ 'ग्लॅडिस क्रॅविट्झ' म्हणतात.

अ‍ॅलिस पिअर्सचा जन्म 16 ऑक्टोबर 1917 चा, न्यूयॉर्कचा. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे बालपण युरोपात गेलं. नऊ वर्षांची असताना ती झोपाळ्यावरून पडली, हनुवटीला मार बसला आणि हनुवटीची वाढ खुंटली. तो आत गेलेला चेहरा हीच पुढे तिची खूण झाली. सारा लॉरेन्स कॉलेजमधून 1940 ला पदवी घेऊन ती रंगमंचावर आली. 1944 ला ब्रॉडवेवर आलेल्या 'ऑन द टाउन' या संगीत नाटकात तिला लूसी श्मीलर मिळाली. ही लूसी म्हणजे सर्दीने बेजार झालेली, सतत शिंकणारी रूममेट. 1949 ला त्याचा चित्रपट निघाला तेव्हा मूळ नटसंचातली तेवढी एकटी पिअर्स पडद्यावर आली, बाकी सगळे बदलले. चित्रपटात तिची गाठ जीन केलीशी घालून दिली जाते. तिचा पूर्ण प्रसंग काही मिनिटांचाच आहे, पण शिंक येण्याआधी चेहरा जो आक्रसतो आणि शिंक गेल्यावर जी केविलवाणी आशा त्यावर उरते, ती पाहिली की पिअर्सचं सगळं कसब कळतं. विनोद शब्दांत नव्हता, शब्दांच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात होता.

त्याच 1949 मध्ये तिच्या नावाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रमही एबीसीवर थोडे दिवस चालला. सहाय्यक भूमिकांतल्या बाईच्या नावावर कार्यक्रम निघणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती, पण तो टिकला नाही. पहिला नवरा जॉन रॉक्स गीतकार होता. नाताळात पाणघोडा हवा असं म्हणणारं अमेरिकेतलं लोकप्रिय बालगीत त्याचंच. तो 1957 ला वारला. पुढे 1964 ला तिने पॉल डेव्हिसशी लग्न केलं.

'बीविच्ड' मिळाली तेव्हा पिअर्सला अंडाशयाचा कर्करोग झालेला होता, तोही शेवटच्या टप्प्यातला. तिने ते सेटवर कळू दिलं नाही. दुसऱ्या सीझनचे भाग ओळीने बघितले तर गाल बसत गेलेले दिसतात, एवढीच बाहेरची खूण. 3 मार्च 1966 ला, 48 व्या वर्षी ती गेली. 22 मे 1966 च्या समारंभात विनोदी मालिकेतल्या सहाय्यक अभिनेत्रीचा एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचा मोठा पुरस्कार, तिला जाहीर झाला आणि नवऱ्याने तो घेतला. त्या यादीत दुसरं नाव 'बीविच्ड'च्याच अ‍ॅग्नेस मूरहेडचं होतं आणि तिसरं 'डिक व्हॅन डाइक शो'मधल्या रोझ मेरीचं.

ग्लॅडिसच्या भूमिकेला मिळालेला एमी हा एकच, आणि तो पिअर्सचा. 'ग्लॅडिससाठी एमी मिळालेली सँड्रा गूल्ड' असं वाक्य दिसलं तर ते चूक आहे.

सँड्रा गूल्ड ब्रुकलिनची, जन्म 23 जुलै 1916 चा. म्हणजे जिच्या जागी ती आली तिच्यापेक्षा सव्वा वर्षाने मोठी. 'नवीन ग्लॅडिस तरुण होती' असं बऱ्याच जणांना वाटतं, पण सप्टेंबर 1966 ला मालिकेत शिरताना तिची पन्नाशी झाली होती. 1964 ला पिअर्स 46 ची होती.

गूल्डची खरी शाळा रेडिओची. 'डफीज टॅव्हर्न' या गाजलेल्या कार्यक्रमात मिस डफीचं काम शर्ली बूथनंतर ज्या अनेकींनी केलं, त्यांत ही एक. रेडिओत चेहरा नसतो. माणूस आत आला, चिडला, लाजला, सगळं गळ्यातून निघावं लागतं. ती सवय तिच्यात शेवटपर्यंत राहिली. पुढे टीव्हीवर 1952 ला सुरू झालेल्या 'आय मॅरिड जोन'मध्ये तिने मिल्ड्रेड वेबस्टर केली, 'आय लव्ह लूसी'च्या दोन भागांत दिसली. त्यातला 1957 चा भाग शोधून बघण्यासारखा आहे. लूसीच्या डोक्यात चषक अडकलाय, ती भुयारी रेल्वेत आहे, आणि गूल्ड तिथली प्रवासी. दोन-तीन वाक्यांचं काम, पण तो ब्रुकलिनचा सूर लगेच कानात भरतो.

आता दोघींची ग्लॅडिस समोरासमोर ठेवू.

मालिकेचा दुसरा भाग, 'बी इट एव्हर सो मॉर्टगेज्ड', सप्टेंबर 1964 चा. समँथा आणि तिची आई रिकामं घर बघायला आल्या आहेत. समँथा नाक हलवते आणि उघड्या अंगणात झाडं उभी राहतात, आत फर्निचर येतं. समोरून ग्लॅडिस हे बघते आणि नवऱ्याला खिडकीपाशी ओढत आणते. तोवर सगळं गायब. क्रॅविट्झ प्रकाराचा पाया या प्रसंगात आहे: तिला दिसतं, त्याला दिसत नाही. पिअर्स इथे काय करते ते बारकाईने बघा. आधी ती नवऱ्याकडे बघत नाही, पुन्हा घराकडे बघते. मग स्वतःच्या डोळ्यांवरच शंका घेतल्यासारखी थबकते. 'मला वेड तर लागलं नाही ना?' हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर येतो आणि हाक त्याच्यानंतर येते. ती हाकही तारस्वरातली नाही, घशात अडकून, अनुनासिक होऊन, थरथरत वर चढणारी.

पहिल्याच सीझनमधला 'अ‍ॅबनर कडॅब्रा' हा भागही मुद्दाम बघावा. त्यात समँथाची जादू ग्लॅडिसच्या डोळ्यांसमोर उघडी पडते, आणि ती सारवायला समँथा तिला पटवून देते की ही शक्ती तुझ्यातच आहे. ग्लॅडिस आधी घाबरते, मग तिला ते आवडायला लागतं. हा भाग पिअर्सच्या ग्लॅडिसवरच उभा राहू शकतो. जिला स्वतःच्या मनाचीच खात्री नाही, तिला काहीही पटवता येतं.

गूल्डची ग्लॅडिस अशी फसली नसती. तिला आपल्या डोळ्यांवर शंका नाहीच. तिची तक्रार जगाशी आहे: मी खरं सांगते आणि हा माणूस पेपरातून मान वर काढत नाही. पिअर्सची ग्लॅडिस भेदरलेली, गूल्डची वैतागलेली. पिअर्सची हाक मदतीची, गूल्डची हाक फिर्यादीची. त्यामुळे गूल्डच्या ग्लॅडिसला दारात उभं करून भांडायला लावता येतं, समँथाच्या घरात घुसवता येतं. 1968 च्या 'स्प्लिट्सव्हिल' या भागात ती नवऱ्याशी भांडून सरळ समँथाकडेच मुक्कामाला येते. हे कथानक पिअर्सच्या वेळी लिहिलं असतं तर प्रेक्षकांना तिची काळजी वाटली असती. गूल्ड आल्यावर काळजी वाटते ती यजमानांची.

आमचं मत विचाराल तर पिअर्स उजवी. पण गूल्डवर नेहमी होणारा 'नुसती किंचाळते' हा आरोप अर्धाच खरा. लेखनही बदललं होतं. तिसऱ्या सीझनपर्यंत 'तिला दिसतं, त्याला दिसत नाही' ही युक्ती प्रेक्षकांना पाठ झाली होती. थबकण्यातली गंमत उरली नव्हती, मग आवाज वाढवणंच राहिलं.

ओळखायची पद्धत. पुष्कळ जण सांगतात, कृष्णधवल म्हणजे पिअर्स, रंगीत म्हणजे गूल्ड. मूळ प्रसारणापुरतं हे बरोबर होतं. पण 2005 पासून निघालेल्या डीव्हीडींत पहिले दोन सीझन रंगवूनही विकले गेले, आणि त्यातल्या क्लिप सगळीकडे फिरतात. रंगीत चित्रावर विसंबून ओळख पटवली की पिअर्सच्या फोटोखाली गूल्डचं नाव पडतं. त्यामुळे रंग शेवटी बघा. आधी बाजूचा चेहरा बघा: ओठांखालून रेषा सरळ मानेत उतरत असेल तर पिअर्स. गूल्डची हनुवटी व्यवस्थित आहे. मग आवाज. नाकातून येणारा आणि कापरा असेल तर पिअर्स, घशातून येणारा आणि करवतीसारखा असेल तर गूल्ड. नव्वदच्या दशकात सोनी वाहिनीवर ही मालिका हिंदीत डब होऊन लागली होती. ज्यांच्या डोक्यात तो हिंदी आवाज बसलाय त्यांना ही दुसरी खूण उपयोगाची नाही, त्यांनी हनुवटीवरच भिस्त ठेवावी.

अ‍ॅबनर बघून काही कळत नाही. जॉर्ज टोबायस दोघींचा नवरा होता. 1901 चा जन्म, वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपटांत मुरलेला नट. उलट तो जास्तच गोंधळ घालतो, कारण पिअर्स आणि टोबायस 1966 च्या 'द ग्लास बॉटम बोट' या डोरिस डेच्या चित्रपटातही असेच शेजारी नवरा-बायको आहेत. त्यांचं नाव तिथे फेनिमोर. चित्रपटाचं दृश्य 'बीविच्ड'चं म्हणून दाखवलेलं सर्रास आढळतं. तो पडद्यावर आला तेव्हा पिअर्स हयात नव्हती.

तारखांवर जाणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे. पिअर्स मार्च 1966 ला गेली, पण प्रसारणाचा क्रम चित्रीकरणाच्या क्रमाने नव्हता. अ‍ॅबनरची बहीण हॅरिएट हे पात्र तात्पुरतं आणलं गेलं, मेरी ग्रेस कॅनफिल्ड त्या वसंतात चार भाग तिच्या भूमिकेत दिसली, आणि ग्लॅडिस आईकडे गेलीय असं सांगितलं गेलं. त्यानंतर जून 1966 ला 'प्रॉडिजी' हा भाग लागला आणि त्यात पिअर्स पुन्हा समोर! हा भाग आधी चित्रित झालेला होता. म्हणून 'तारीख मार्चनंतरची, म्हणजे गूल्ड' हा तर्क लावू नका. गूल्ड तिसऱ्या सीझनच्या आत कुठेच नाही. आपल्या मालिकांत नट बदलला की खाली पट्टी येते, 'आजपासून या भूमिकेत...'. इथे तसलं काही नव्हतं. सप्टेंबरात पडदा उघडला आणि खिडकीत दुसरी बाई.

आणखी एक घोळ नावाचा. 'बीविच्ड'मध्ये दुसरी एक अ‍ॅलिस आहे, अ‍ॅलिस घोस्टली. तिने 1969 पासून एस्मेराल्डा ही बावरलेली, घाबरली की विरून जाणारी चेटकीण केली. घाबरट चेहरा, विनोदी बाई, नाव अ‍ॅलिस, मालिका तीच. शिवाय दोघी 'न्यू फेसेस' या नावाच्या रंगमंचीय कार्यक्रमांतून वर आल्या. पिअर्स 1943 च्या, घोस्टली 1952 च्या. म्हणून 'न्यू फेसेसमधली अ‍ॅलिस' एवढंच कोणी लिहिलं तर साल विचारा. मरणोत्तर एमीच्या बाबतीतही असंच होतं. आंट क्लारा करणाऱ्या मॅरियन लॉर्नला 1968 ला तो तिच्या मृत्यूनंतर मिळाला, आणि 'बीविच्डमधल्या त्या बाईला मेल्यावर एमी मिळाला' या वाक्यात दोघी एकमेकींत मिसळतात.

गूल्ड नंतर बरीच वर्षं काम करत राहिली. 1977 ला समँथाच्या मुलीवर 'टॅबिथा' ही मालिका आली, तिथे ती आणि टोबायस पुन्हा क्रॅविट्झ झाले. 20 जुलै 1999 ला, 83 वा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, कॅलिफोर्नियातल्या बरबँकला ती वारली. 2005 च्या 'बीविच्ड' चित्रपटात ग्लॅडिस एमी सेडॅरिसने केली. ती मात्र कोणाच्या नावाखाली गेलेली अजून दिसलेली नाही.