विनोदी प्रवासवर्णन आणि वाचकांचे अभिप्राय

विनोदी प्रवासवर्णन : परक्या, बहुधा दूरच्या देशातील प्रवासाचा अनुभव हसत-खेळत सांगणारा गद्य वाङ्मयप्रकार. प्रवासवर्णन या व्यापक प्रकाराची ही शाखा असली, तरी तिचा वाचकांशी असलेला संबंध वेगळा आहे. सामान्य प्रवासवर्णनाला वाचक माहितीच्या कसोटीवर तपासतो. येथे मात्र ‘हे खरे घडले का?’ आणि ‘लेखक कोणाला हसतो आहे?’ हे दोन प्रश्न सतत एकत्र येतात. शिवाय अशा पुस्तकाला दोन वाचकवर्ग लाभतात : लेखकाचे देशबांधव आणि ज्यांच्याविषयी लिहिले ते यजमान देशाचे लोक. या दोहोंचे अभिप्राय क्वचितच जुळतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार रोमन कवी हॉरिस याच्या उपहासिकांच्या पहिल्या पुस्तकातील पाचवी कविता हा आद्य नमुना होय. तीत रोम ते ब्रुंडिसियम (आजचे ब्रिंदिझी) या प्रवासाचे वर्णन आहे. हा प्रवास इ. स. पू. 38 किंवा 37 मध्ये झाला असावा. बहुतेक अभ्यासकांचा कल इ. स. पू. 37 कडे आहे. ऑक्टेव्हियनचा (पुढचा सम्राट ऑगस्टस) सल्लागार मीसेनस हा राजकीय वाटाघाटींसाठी निघाला होता आणि हॉरिस त्याच्याबरोबर होता. पण कवी त्या वाटाघाटींविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. तो सांगतो ते डास, बेडकांचे ओरडणे, कालव्यावरच्या नावेतील झोपमोड, खराब पाणी आणि स्वतःचे दुखरे डोळे. ही कल्पनाही सर्वस्वी त्याची नव्हे. त्याच्या आधीच्या ल्युसिलियस या रोमन कवीने सिसिलीच्या प्रवासावर अशीच कविता रचली होती. ती केवळ त्रुटित अवस्थेत उपलब्ध असल्याने हॉरिसने तिच्यातून नेमके किती घेतले, हे ठरवणे कठीण आहे.

दुसरे मत इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक लूशियन याच्या बाजूने आहे. चंद्रापर्यंत पोचणारी त्याची ‘सत्यकथा’ ही अद्भुत प्रवासवृत्तांचे विडंबन आहे. आपण जे पाहिले नाही, भोगले नाही तेच लिहीत आहोत आणि कोणीही त्यावर विश्वास ठेवू नये, असे तो आरंभीच बजावतो. त्याचा रोख ज्यांवर होता त्यांत क्टीसियस हा भारताविषयी लिहिणारा ग्रीक वैद्य होता. क्टीसियसने भारत पाहिलेला नव्हता. इराणच्या राजदरबारात राहून ऐकीव माहितीवर त्याने माणसे खाणारा मार्तिखोर नावाचा प्राणी आणि इतर अनेक आश्चर्ये नोंदवली. लूशियनच्या कथेत तो परलोकात असत्य लिहिल्याची शिक्षा भोगताना दिसतो. क्टीसियसचा भारतविषयक ग्रंथ आज मुख्यत्वे नवव्या शतकातील फोशियस या बायझंटिन विद्वानाने केलेल्या सारांशामुळे माहीत आहे. लेखक दंतकथा सांगतो आणि त्या पूर्ण खऱ्या असल्याचेही बजावतो, असा शेरा फोशियसने त्या सारांशातच नोंदवला आहे. दूरदेशाच्या वर्णनावर एका वाचकाने दिलेला इतका जुना आणि इतका नेमका अभिप्राय जपला गेला, ही मोलाची गोष्ट आहे.

दोन्ही मतांत तथ्य आहे. प्रवासी स्वतःच्याच हालांवर हसतो, ही रीत हॉरिसमध्ये दिसते. पण त्याचा प्रवास स्वदेशातला आहे. लूशियनमध्ये दूरदेश आहे, मात्र प्रत्यक्ष प्रवास नाही. हे दोन धागे एकत्र आले ते अठराव्या शतकात, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. स्कॉटिश कादंबरीकार टोबायस स्मॉलेट याचे फ्रान्स व इटलीतील प्रवासाचे पुस्तक 1766 मध्ये प्रसिद्ध झाले. खानावळी, गाडीवान आणि स्थानिक चालीरीती यांवरील तक्रारींनी ते भरलेले आहे. त्यावरचा सर्वांत परिणामकारक अभिप्राय परीक्षणातून आला नाही, तर दुसऱ्या प्रवासपुस्तकातून आला. लॉरेन्स स्टर्न या कादंबरीकाराने 1768 मध्ये आपल्या भावुक प्रवासकथेत ‘स्मेलफंगस’ नावाचे पात्र आणले. त्याच्या मनातच कावीळ असल्याने वाटेतली प्रत्येक वस्तू त्याला विटलेली दिसते. स्मॉलेटची त्यामुळे झालेली अपकीर्ती दीर्घकाळ टिकली. यजमानांनी मात्र तितका राग धरला नाही. ज्या नीस शहरावर त्याने बरीच टीका केली, तेथे आज त्याच्या नावाचा रस्ता आहे.

यजमान देशाचा राग : या बाबतीत फ्रान्सिस ट्रॉलप या इंग्रज लेखिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. 1827 च्या अखेरीस ती अमेरिकेत आली, बराच काळ सिनसिनाटीत राहिली आणि 1831 मध्ये इंग्लंडला परतली. अमेरिकनांच्या घरगुती चालीरीतींवरील तिचे पुस्तक 1832 मध्ये निघाले. तंबाखू खाऊन थुंकणे, न बोलता घाईघाईने जेवणे, नाट्यगृहात कठड्यावर पाय टाकून बसणे या सवयी तिने तिखट भाषेत टिपल्या. गुलामगिरीवरही प्रहार केला. इंग्रज वाचकांना पुस्तक आवडले, अमेरिकन संतापले. त्यानंतर नाट्यगृहात कोणी गैर रीतीने बसला की प्रेक्षक तिच्याच नावाने ओरडत, अशा नोंदी आढळतात. शिव्या देणारा वाचकही पुस्तक मनावर घेतो, हे यावरून दिसते. अर्धशतकानंतर अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेनने तिची बाजू घेतली. तिने सांगितले ते खरे होते, असे त्याने मिसिसिपीवरील आपल्या पुस्तकासाठी लिहिले. पण 1883 मध्ये पुस्तक छापताना तो मजकूर गाळला गेला.

ट्वेन आणि खोटे परीक्षण : ट्वेनचे ‘द इनोसंट्स अब्रॉड’ (1869) हे या प्रकारातील सर्वांत प्रभावी पुस्तक मानले जाते. 1867 च्या जूनमध्ये ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट यात्रेकरूंना घेऊन न्यूयॉर्कहून यूरोप व पवित्र भूमीकडे निघाली. ट्वेन त्या बोटीवरून सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्राला पत्रे पाठवत असे. पुस्तकात ती सुधारून आणि बरीच सौम्य करून घेतली आहेत. आधीच्या प्रवाशांच्या डोळ्यांनी न पाहता स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही त्याने प्रस्तावनेत मांडलेली भूमिका आहे. जिनोआत वाटाड्या कोलंबसचा अर्धपुतळा मोठ्या अभिमानाने दाखवतो, तेव्हा हे प्रवासी त्याला गंभीरपणे ‘ते वारले का?’ असे विचारतात. या प्रसंगात हसू वाटाड्याच्या पाठांतराचे येते, तसेच प्रवाशांच्या अडाणीपणाच्या सोंगाचेही.

विल्यम डीन हाउएल्स या अमेरिकन समीक्षकाने डिसेंबर 1869 च्या ‘अटलांटिक मंथली’त पुस्तकाचे मनमोकळे स्वागत केले. त्यातील निर्मळ मानवी स्वभाव त्याला विशेष भावला, जरी लेखकाचे खरे आडनाव (क्लेमेन्स) त्याने चुकीचे छापले. पुढच्या वर्षी लंडनच्या ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ने पुस्तकाची दखल घेतली. एका इंग्रज परीक्षकाने सारा विनोद गांभीर्याने घेतल्याची कुणकुण लागताच ट्वेनने मूळ परीक्षण न पाहता तसे एक स्वतःच रचले आणि डिसेंबर 1870 च्या ‘गॅलक्सी’ मासिकात ‘सॅटर्डे रिव्ह्यू’च्या नावावर छापले. त्यात परीक्षक एकेक अतिशयोक्ती उचलून ती धादांत असत्य असल्याचे सिद्ध करतो. अनेकांनी ते अस्सल मानले. ट्वेनने कबुली दिल्यावरही एका वृत्तपत्राने परीक्षण खरेच असल्याचा आग्रह धरला, तेव्हा त्याने पैजेचे आव्हान दिले. पुस्तकाच्या सत्यतेवरून सुरू झालेला वाद असा अभिप्रायाच्या सत्यतेवर येऊन ठेपला. या प्रकारातील विनोद अक्षरशः घेणारा वाचक आपल्यालाही सहज खरा वाटतो, म्हणून हा प्रसंग महत्त्वाचा आहे.

स्वागत : काही यजमान देशांनी अशी पुस्तके आपलीशी केली. जर्मनीतील सायकलसफरीवरचे इंग्रज विनोदकार जेरोम के. जेरोमचे पुस्तक (1900) त्याच्या आधीच्या नौकाविहाराच्या पुस्तकापेक्षा फिके आहे, असे इंग्रज वाचक म्हणत आले. जर्मन शाळांत मात्र ते बराच काळ पाठ्यपुस्तक म्हणून वापरले गेले. हंगेरीतून लंडनला आलेला पत्रकार जॉर्ज मिकेश याने 1946 मध्ये इंग्रजांच्या स्वभावावर छोटे पुस्तक लिहिले. इंग्रज चिडतील अशी त्याची अपेक्षा होती. ते खूश झाले, आणि आपल्याला याचे नवल वाटल्याचे त्याने पुढे स्वतःच लिहिले.

मराठीत पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (1960) व ‘पूर्वरंग’ (1963) ही पुस्तके सर्वपरिचित असल्याने येथे विस्तार केलेला नाही. यजमानापेक्षा निवेदकाचीच फजिती अधिक रंगवण्याची त्यांची रीत हॉरिसच्या धाग्याला जवळची आहे, एवढे नमूद करणे पुरेसे ठरावे.

परक्या देशात दीर्घकाळ राहिल्याने लेखकाला यजमानांचे प्रेम मिळते, असे एक मत आहे. बिल ब्रायसन हा अमेरिकन लेखक सुमारे वीस वर्षे ब्रिटनमध्ये राहिला. तेथून निघण्यापूर्वी केलेल्या निरोपाच्या फेरीवरचे त्याचे पुस्तक 1995 मध्ये आले, आणि 2003 साली जागतिक पुस्तक दिनानिमित्त घेतलेल्या मतदानात इंग्लंडचे उत्तम चित्रण करणारे पुस्तक म्हणून वाचकांनी त्याचीच निवड केली. तथापि ट्रॉलपही अमेरिकेत तीन वर्षांहून अधिक काळ राहिली होती. ब्रायसन गावोगावी चुकतो, भिजतो, रस्ता हरवतो आणि ते सांगतो. ट्रॉलपच्या पुस्तकात चुका जवळजवळ सगळ्या दुसऱ्यांच्याच आहेत. मुक्कामाच्या लांबीपेक्षा हा फरक अधिक निर्णायक दिसतो.