केंड पाळायचा तर आधी पाणी जुळवा

चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीच्या अ‍ॅक्वेरियम दुकानांतून कधीकधी एका टाकीत हिरवट-पिवळ्या अंगाचे, पाठीवर काळे ठिपके असलेले गोलमटोल मासे दिसतात. काचेजवळ कुणी आलं की सगळे तिकडे धाव घेतात आणि माणसाकडे टक लावून बघत राहतात. दुकानात त्यांना ग्रीन पफर म्हणतात. आपले मच्छीमार या कुळातल्या माशांना केंड म्हणतात आणि तो जाळ्यात आला की वैतागतात. केंड जाळं कुरतडतो, आतली मासळी खराब करतो आणि स्वतः खायच्या कामाचा नसतो. घरातल्या टाकीत मात्र हाच मासा लळा लावतो, खायला घालणाऱ्याला ओळखू लागतो. नीट सांभाळला तर दहा वर्षांच्या आसपास जगतो. तरीही पुष्कळ घरांत तो लवकर दगावतो, आणि रोग हे त्याचं पहिलं कारण क्वचितच असतं. आधी पाणी चुकतं, मग खाणं चुकतं, आणि रोगाची पाळी त्यानंतर येते.

ग्रीन पफर, म्हणजे डायकोटोमिक्टेरे नायग्रोविरिडिस, हा दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या खाड्यांचा आणि कांदळवनांचा मासा. (शास्त्रज्ञांचा तो विशेष लाडका आहे. त्याचा जनुकसंच माणसाच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्शाएवढा, पृष्ठवंशी प्राण्यांतल्या सर्वांत आटोपशीर संचांपैकी एक. तो २००४ साली वाचून झाला.) पिल्लं गोड्या पाण्यात काही काळ तग धरतात, म्हणून दुकानात ती गोड्या पाण्यातच ठेवलेली असतात. घेणारा त्यांना गोड्या पाण्याचे मासे समजतो आणि घरच्या गप्पी-मॉलींच्या टाकीत सोडतो. गोड्या पाण्यात माशाच्या शरीरातलं मीठ बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतं. त्यामुळे पाणी सतत आत झिरपतं आणि क्षार बाहेर पाझरतात. हे उलटवण्यासाठी कल्ले आणि मूत्रपिंडं अहोरात्र राबत असतात. गोड्या पाण्यातच जन्मलेल्या माशांना ते झेपतं. खाडीत वाढायला घडलेला मासा वयात येताना त्यात थकतो, त्याची प्रतिकारशक्ती घटते आणि पुढे कोणताही किरकोळ संसर्ग त्याला पुरतो.

तेव्हा खारटपणा वाढवायचा. त्यासाठी वाण्याकडचं मीठ का चालत नाही, हे शिरोड्याच्या मिठागरासारख्या ठिकाणी चांगलं समजतं. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी उन्हात आटत जातं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुन्याचे क्षार बसतात, त्यांच्यामागून जिप्सम. पाणी मूळच्या दहाव्या हिश्शाजवळ आलं की आपलं खायचं मीठ धरू लागतं. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटच्या पाण्यात उरतात आणि ते पाणी काढून टाकतात. म्हणजे मिठागरातून निघतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. माशाला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याचा सामू (पीएच) स्थिर ठेवणारं कार्बोनेट त्यात जवळपास नसतं. म्हणून सागरी टाक्यांसाठी मिळणारं तयार मिश्रण वापरावं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी भर उन्हाळ्यात, वस्ती आणि बंदर सोडून स्वच्छ समुद्राचं पाणी आणून ते पातळ केलं तरी चालतं. पावसाळ्यात ते नको. तेव्हा खाड्यांना लाल पूर असतो आणि किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारटपणा रोज वेगळा असतो.

खारटपणा मोजायला हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याची घनता दाखवणारं साधन, हवाच. समुद्राच्या पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास असते. मोठ्या ग्रीन पफरला १.००८ ते १.०१२ मानवते. तिथवर आठवड्याला ०.००२ पेक्षा वेगाने जाऊ नये. मासा कदाचित सोसेल, पण फिल्टरमधल्या जिवाणूंना नव्या खारटपणाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. टाकीतून फक्त पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भर साध्या पाण्याने करायची.

हे जिवाणूच टाकीचे खरे पोशिंदे. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. एका गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी आहेत, तिसरा बराच सौम्य आणि पाणी बदलून कमी करता येतो. नव्या टाकीत ही वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी घेतल्या दिवशीच मासा आणणं म्हणजे त्याला त्याच्याच अमोनियात कोंडणं. ओळखीतल्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा मागून आणावा, वसाहत लवकर धरते. स्पंज हातात घेऊन पाहिला तर तपकिरी, बुळबुळीत, घाण वाटतो. तो नळाखाली धुवून पांढरा केला की आपल्या लेखी स्वच्छ होतो आणि माशाच्या लेखी सगळं संपतं. तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने पिळावा, इतकंच.

कोकणातल्या पाण्याच्या दोन खोडी इथे ध्यानात घ्याव्या लागतात. जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यात चुना फारसा नसतो आणि सामू बहुधा सातच्या खाली. वर सांगितलेली जिवाणूंची क्रिया आम्ल तयार करते. ते शोषून घ्यायला चुना नसला तर काही महिन्यांत सामू घसरतो आणि जिवाणूंचंच काम मंदावतं. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. कालवांच्या किंवा तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, वाळवून, जाडसर कुटाव्या आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवाव्या. पण एक धोका ओळखून. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच फार विषारी. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना हे विषारी रूप हजारात साधारण सहा भाग असतं, सामू ८ झाला की शंभरात पाच. म्हणजे तोच अमोनिया, पण जवळपास दहापट घातक. अमोनिया शून्यावर आल्याची चाचणी करून मगच सामू वर न्यावा.

दुसरी खोड टीसीएलची. पावसात ग्रामपंचायत विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, आणि माणसांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. त्यातला क्लोरीन मात्र माशाचे कल्ले पोळतो आणि फिल्टरचे जिवाणू मारतो. दुकानात हायपोचे खडे मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते क्लोरीन लगेच निकामी करतात. नाहीतर पाणी पसरट भांड्यात हवेचा पंप लावून एक दिवस ठेवावं.

मग येतो वीज जाण्याचा प्रश्न. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला निसर्ग चक्रीवादळ धडकलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात काही तास वीज जाणं नवं नाही. २० अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात, आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. आपल्याकडे हीटर सहसा लागत नाही, पण बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असायलाच हवा. बंद फिल्टरमध्ये पाणी थांबून राहतं, जिवाणू गुदमरतात आणि कुजू लागतात. वीज बराच वेळ गेली असेल तर फिल्टर सुरू करण्याआधी आतलं पाणी ओतून टाकून स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळावा. वीज गेलेल्या दिवशी माशाला खायला घालू नये.

आता खाणं. केंडाचे दात जबड्याशी एकजीव होऊन चार पाती झालेली असतात, वर दोन, खाली दोन. ती आयुष्यभर वाढतात. कवच फोडून ती झिजली नाहीत तर इतकी लांबतात की तोंड मिटत नाही आणि मासा समोर खाणं असताना उपाशी मरतो. टाकीत गोगलगाय सोडली की तो कसा येतो ते बघण्यासारखं आहे. शेपूट अंगाशी वळवून, पाठीचा आणि बाजूचे पर फडफडवत तो जागच्या जागी तरंगतो. एक डोळा गोगलगायीवर, दुसरा आपल्यावर. ती अंग बाहेर काढेपर्यंत वाट पाहतो, मग एकदम पुढे होऊन चावतो. मासा मोठा असला तर कवच फुटल्याचा आवाज काचेबाहेर येतो.

या बाबतीत किनाऱ्यावरचा माणूस भाग्यवान. चिंबोरीचे पाय, सालासकट कोलंबी, अर्धवट उघडलेल्या तिसऱ्या, कालवं, सगळं बाजारात ताजं मिळतं. आणल्यावर काही दिवस फ्रीझरमध्ये गोठवून मग घालावं, म्हणजे बरेच परजीवी मरतात. शेतातल्या गोगलगायी थेट टाकू नयेत, त्यांच्यातून परजीवी येतात आणि शेतातल्या औषधांचा अंशही. आणि रोज एकच पदार्थ नको. काही शिंपल्यांत आणि कोलंबीत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. आलटून-पालटून दिलं तर बाधत नाही. मोठ्या माशाला एक दिवसाआड पुरतं. उरलेला तुकडा तासाभरात काढावा.

तो फुगावा म्हणून त्याला छेडणारे पाहुणे घरोघरी असतात. त्यांना सरळ मनाई करावी. केंडाला बरगड्या नसतात, पोट पाण्याने भरून तो फुगतो, आणि ही जीव वाचवण्याची शेवटची धडपड असते. जाळीने पाण्याबाहेर काढला तर तो हवा गिळतो, आणि ती पुष्कळदा परत सोडता येत नाही. हलवताना पाण्यातच बरणीत घ्यावा. विषाबद्दल लोक नेहमी विचारतात. टेट्रोडोटॉक्सिन हे विष केंड स्वतः बनवत नाही. ते जिवाणूंकडून, खाण्यातून त्याच्या अंगात साठतं, आणि विषरहित खाण्यावर वाढलेल्या केंडांत ते सापडत नाही. ते शिजवून नष्ट होत नाही आणि त्यावर उतारा नाही, म्हणून कोणताही केंड खाऊ नये. पाळण्यात खरा धोका दातांचा, बोट टाकीत सोडू नये.

जागा कमी असेल त्यांनी शंभर-सव्वाशे लिटरची टाकी लागणाऱ्या ग्रीन पफरऐवजी पी पफर हा त्याचा छोटा भाऊबंद बघावा. जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा हा मासा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांत राहतो, आणि तो खराखुरा गोड्या पाण्याचा आहे. त्याची नोंद १९४१ साली झाली. आज तो असुरक्षित प्रजातींत गणला जातो, आणि बाजारातले पुष्कळसे नदीतून पकडलेले असतात. टाकीत पैदास झालेलाच मागावा, मिळत नसेल तर थांबावं. छोट्या गोगलगायी त्याला फार आवडतात. डासांच्या अळ्याही आवडतात, पण त्यासाठी अंगणात बादली भरून ठेवू नये. हिवताप आणि डेंगीच्या दिवसांत तो धोका कुणी घेऊ नये.

दोन्ही केंडांना सोबती नको. ते दुसऱ्यांचे पर कुरतडतात आणि कोळंबी-गोगलगायी तर त्यांचं जेवण. समुद्रावरून हौसेने काही आणून टाकीत घालण्याचा मोहही टाळावा. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. खडकातल्या डबक्यातून उचललेले तारामासे घरगुती टाकीत उपासमारीने हळूहळू मरतात.

एवढं करूनही अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ते इक या परजीवीचे. ठिपक्याच्या आत असताना औषध त्याला पोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, फुटतो आणि त्यातून निघालेली पिल्लं पोहत नवा मासा शोधतात, तेवढ्याच वेळात औषध लागू पडतं. म्हणून ठिपके गेले तरी औषध मध्येच थांबवू नये. तांबं असलेलं औषध केंडाच्या खवले नसलेल्या अंगाला सोसवत नाही आणि गोगलगायी-कोळंबी तर मारूनच टाकतं, तेव्हा बाटलीवर काय लिहिलंय ते वाचावं. दात वाढले असतील तर लवंगाच्या तेलाने मासा गुंगवून ते कापता येतात, पण मात्रा थोडी चुकली तरी मासा परत शुद्धीवर येत नाही. ते काम माशांवर हात बसलेल्या जाणकाराकडूनच करून घ्यावं. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. जाणकाराची चौकशी तिथून सुरू करावी, आणि जाताना टाकीच्या पाण्याची बाटली, अमोनिया-नायट्राइटचे आकडे आणि हायड्रोमीटरवरचा आकडा लिहून सोबत न्यावा.