रक्तमार्ग (अतिदक्षता विभागातील डायलिसिससाठी)

डायलिसिसच्या यंत्राला दर मिनिटाला साधारण 200 ते 300 मिलिलिटर रक्त लागते. हातावरच्या सलाइनच्या सुईतून एवढे रक्त ओढता येत नाही. त्यासाठी मोठ्या शिरेत दोन पोकळ्यांची जाड नळी बसवावी लागते. एका पोकळीतून रक्त यंत्रात जाते, दुसरीतून शुद्ध होऊन परत येते. या वाटेला रक्तमार्ग म्हणतात. नातेवाइकांच्या तोंडी मात्र ‘मानेतली नळी’ किंवा ‘मांडीतली नळी’ हेच शब्द असतात.

बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरच्या, रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात जागा निवडायला वेळ थोडा असतो. तरी त्या घाईत घेतलेला निर्णय पुढे वर्षानुवर्षे सोबत राहू शकतो.

पहिली पसंती मानेच्या उजव्या बाजूच्या अंतर्गत जुगुलर शिरेला. ती जवळजवळ सरळ रेषेत हृदयाकडे उतरते, त्यामुळे 15 सेंटिमीटरची नळीही पुरते आणि प्रवाह चांगला मिळतो. नळी घालताना रुग्णाचे डोके खाली करतात आणि सोनोग्राफीचा प्रोब मानेवर ठेवतात. पडद्यावर दोन काळी वर्तुळे दिसतात. प्रोब हलका दाबला की त्यांतले एक चपटे होते, ती शीर. दुसरे गोल राहून धडधडत असते. ती धमनी, आणि सुई तिच्यात जाता कामा नये. नळी बसल्यावर छातीचा एक्स-रे काढून टोक कुठे आहे आणि फुप्फुसाला इजा झाली का, हे पाहतात.

फुप्फुसात पाणी भरल्यामुळे ज्याला आडवेच होता येत नाही, त्याला डोके खाली करून मानेत नळी घालणे धोक्याचे. तिथे मांडीची फिमोरल शीर कामी येते. तीत किमान 20 सेंटिमीटरची नळी लागते. आखूड असली तर नुकतेच शुद्ध झालेले रक्त पुन्हा यंत्रात ओढले जाते. मांडीतली नळी असताना रुग्णाला उठता-बसता येत नाही आणि ती शक्यतो 5 दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. तिच्यात जंतुसंसर्ग ठरलेलाच, असा समज आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या फ्रेंच चाचणीत मात्र एकंदरीत तसे दिसले नाही. स्थूल रुग्णांत धोका वाढला, सडपातळ रुग्णांत नाही. डावी जुगुलर तिसऱ्या क्रमांकावर, कारण तिथून नळीला वळणे घेत जावे लागते.

गळपट्टीच्या हाडाखालची सबक्लेव्हियन शीर सर्वांत शेवटी. रक्तस्राव झाला तर हाडाआड तिच्यावर बोट दाबता येत नाही. नळीमुळे ती पुढे आकसू शकते, आणि मग त्या बाजूच्या हातात फिस्टुला (शीर व धमनी जोडून केलेली डायलिसिसची कायमची वाट) करून उपयोग होत नाही. हात सुजत राहतो.

गोव्यात या दोन्ही अडचणींचे रुग्ण भेटतात. पावसाळ्यात शेताच्या चिखलात उतरलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग होऊन मूत्रपिंडे बंद पडतात, त्यातच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घसरतात. अशा वेळी दाबून धरता येईल अशीच जागा हवी. तो सावरला तर नळी काही दिवसांचीच. काणकोण तालुक्यात दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे, कारण पुरते न उलगडलेले, अनेक रुग्ण आहेत. तिथून कुणी अत्यवस्थ होऊन 60 किलोमीटरहून अधिक अंतर कापत बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात येतो, तेव्हा त्याच्या हाताच्या शिरा राखणे हाही उपचारच असतो. 1966 पासून वापरात असलेला, मनगटाजवळ केला जाणारा फिस्टुला त्याच शिरांवर अवलंबून. म्हणून रक्ताचे नमुने शक्यतो तळहाताच्या मागच्या बाजूने घ्यावेत. घरच्यांनीही ‘सिस्टर, ह्या हाताला सुई नको’ असे निःसंकोच सांगावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

आधीच फिस्टुला असलेल्या रुग्णाला काही तासांचे डायलिसिस त्यातूनच देता येते. पण दिवसरात्र मंद गतीने चालणाऱ्या सीआरआरटी या डायलिसिसच्या प्रकारासाठी धातूच्या सुया तिथे ठेवणे धोक्याचे: कूस बदलताना सुई निसटली तर पांघरुणाखाली रक्त वाहत राहते. तेव्हा वेगळी नळी घालतात. रक्तदाब उतरला की फिस्टुला गोठूही शकतो, म्हणून बोटांना लागणारी त्याची थरथर पाळीगणिक तपासायची असते. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही.

डायलिसिस 2 आठवड्यांच्या पुढे जाईल असे दिसले, तर मानेतली साधी नळी काढून त्वचेखालून बोगदा करून नेलेली ‘पर्मकॅथ’ बसवतात. साधी नळी काढतानाही रुग्णाला सपाट झोपवतात, शक्य असल्यास श्वास रोखायला सांगतात, जागा काही मिनिटे दाबून धरतात आणि हवाबंद पट्टी लावतात. बसलेल्या माणसाच्या मानेतून नळी ओढली तर त्या छिद्रातून हवा थेट हृदयात शिरू शकते.