घर नाकारणे (धर्म व आहारावरून)

धर्मश्रद्धा, सोवळे किंवा शाकाहार पुढे करून एखाद्याला भाड्याने वा विकत घर न देण्याची प्रथा. ठाणे आणि नवी मुंबईत ती कागदावर क्वचितच सापडते. तिचा कारभार फोनवर चालतो. घोडबंदर रोडला किंवा खारघरला भाड्याचे घर शोधणाऱ्याला एजंट आधी बजेट विचारतो, मग फॅमिली की बॅचलर, आणि शेवटी, 'पूर्ण नाव काय म्हणालात?' नाव मुसलमानाचे निघाले की 'ओनरला विचारून सांगतो', आणि फोन पुन्हा येत नाही. आडनावावरून दलित असल्याचा अंदाज आला तर 'व्हेज ओन्ली' कामाला येते. जात विचारण्यापेक्षा जेवण विचारणे सभ्य दिसते. मासे खाणारे सारस्वत आणि सीकेपीही या चाळणीत अडकतात. त्यांची तक्रार मात्र लवकर ऐकू येते.

घरमालकाची बाजू अगदीच पोकळ नसते. जैन किंवा वैष्णव कुटुंबाला हिंसा खरोखर पाप वाटते. ज्या ओट्यावर आईने कांदा-लसूणही चिरला नाही तिथे मटण शिजावे, हे सहन होत नाही. पण व्रत ज्याने घेतले त्यानेच ते पाळायचे असते. भाडेकरूच्या ताटातले मालकाच्या नावावर जमा होते, असे मानणारा मालक डिपॉझिट मात्र कुणाच्या कमाईचे ते विचारत नाही.

संविधानाचे कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते, पण मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींना अधीन ठेवून, म्हणजे समतेचा हक्क त्याच्या आधी येतो. अडचण वेगळीच आहे: भेदभावाला मनाई करणारे कलम १५(१) राज्यसंस्थेला, म्हणजे सरकारला बांधते, फ्लॅटमालकाला नाही. कलम १५(२) खासगी व्यवहारातही शिरते. त्यात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आहेत. तलाव तिथे का आला हे महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावरून कळते. अस्पृश्यांनी पाणी घेतल्यावर तिथल्या सनातन्यांनी धर्माच्याच नावाने तळ्याचे 'शुद्धीकरण' केले होते. घर मात्र या यादीत नाही. 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, मागेल त्याला सेवा देणारी कोणतीही जागा त्यात यावी, असे डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितले होते.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, वैध ठरवला. हा निकाल सोसायट्यांच्या बैठकांत फार ढिलेपणाने सांगितला जातो. तो नोंदलेल्या उपविधीबद्दल होता. सेक्रेटरीच्या मर्जीबद्दल किंवा 'आपल्याकडे चालत नाही' या तोंडी ठरावाबद्दल नव्हता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. भाडेकरूच्या हाती तेवढेही नाही. 'घर दुसऱ्याला दिले' म्हटले की विषय संपला. सिद्ध काय करणार?

महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा इथे फारसा लागू पडत नाही. तो जातपंचायतीने आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्यावर रोखलेला आहे.

या नकारांचा नकाशा ठाण्यात उघड दिसतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला आली. काही भीतीने आली, काहींना दुसरीकडे दार उघडले नाही. आज ऐपत असलेल्या डॉक्टर-इंजिनिअरलाही तिथून बाहेर पडताना तोच फोन आणि तोच नावाचा प्रश्न पार करावा लागतो.

नवी मुंबईत गोष्ट आणखी वाकडी आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाचे हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभे राहिले, आणि तिथले मूळ रहिवासी प्रामुख्याने आगरी-कोळी. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळी आजही उतरते. जवळच्याच सेक्टरमध्ये घर पाहायला गेलेल्याला एजंट लिफ्टमध्ये आवाज खाली करून विचारतो, 'सुकं-बिकं तर नाही ना करत घरात?'